घराच्या डोक्यावरचे ओझे

भारतातील बहुतेक भाषांनी घराच्या एका लहानशा भागाला स्वतंत्र नाव दिले आहे. मराठीत आपण त्याला माळा किंवा पोटमाळा म्हणतो. गुजरातीत तो माळियुं, हिंदीत दुछत्ती, कन्नडात अट्ट, तेलुगूत अटक, तमिळमध्ये परण आणि मलयाळीत तट्टिनपुरम. बंगालमध्ये गच्चीवरच्या छोट्या खोलीला चिलेकोठा म्हणतात. नावे निराळी असली, तरी अनुभव मात्र सर्वत्र एकच आहे. शिडी लावावी, वर चढावे, हात पुढे करावा आणि हाताला काय लागेल ह्याचा घरातल्या कोणालाही नेम नसावा!

ही जागा मुळात अडगळीसाठी नव्हती. चार महिने कोसळणारा पाऊस आणि वर्षातून एकदाच हाती येणारे पीक ह्यांमुळे आपल्या घरांना साठवण अटळ होती. धान्यासाठी कणगी, बळद आणि जमिनीतील पेव असे; घरात कोठीची खोली असे; आणि माळ्यावर कांदे, बी-बियाणे, सुके सरपण, इरली, जादा कौले अशा वस्तू ठेवीत. ह्या मांडणीत एक शहाणपण दडलेले होते. वर चढलेल्या प्रत्येक वस्तूचा खाली उतरण्याचा काळ ठरलेला असे. मृग लागला की इरले खाली येई. पेरणी आली की बियाणे उतरे. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारली जात.

साठवण आणि अडगळ ह्यांतील भेद तो हाच. साठवणीला खाली उतरण्याची तिथी असते. अडगळीला ती नसते. माळ्यावरची एखादी वस्तू कशासाठी ठेवली, कोणासाठी ठेवली आणि केव्हापर्यंत ठेवायची, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे घरात कोणापाशीही उरली नाहीत, की ती वस्तू अडगळ झाली असे समजावे. मग ती कितीही मोलाची असो.

माळा भरतो कसा

घरे बदलली, परंतु वर ठेवण्याची सवय बदलली नाही. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील खोली अवघी १६० चौरस फुटांची होती. अशा खोल्यांत संसार करणाऱ्या कुटुंबांनी उंचीचा उपयोग करून घेतला आणि पोटमाळे बांधले. पुढे सिमेंटच्या इमारती आल्या आणि स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या डोक्यावर काँक्रीटचा माळा जणू नियमानेच येऊ लागला. दरम्यान घरात येणाऱ्या वस्तूंची संख्या कितीतरी पटींनी वाढली. मात्र घरातून बाहेर जाणाऱ्या वस्तूंची वाट रुंदावली नाही.

नोकरीनिमित्त प्रांतोप्रांती फिरणाऱ्या कुटुंबांची कथा आणखी वेगळी. रेल्वेत, सैन्यात, टपाल खात्यात किंवा बँकेत नोकरी करणाऱ्यांची दर काही वर्षांनी बदली होते. लोखंडी ट्रंका, होल्डॉल, काथ्याने बांधलेली खोकी नव्या गावी येतात. त्यांपैकी निम्मी उघडली जातात आणि उरलेली, ‘पुढच्या बदलीला उपयोगी पडतील,’ म्हणून तशीच वर जातात. झाशीहून नागपूर, नागपूरहून सिकंदराबाद असा प्रवास करूनही एकदाही न उघडलेली पेटी अनेक घरांत सापडेल.

ह्याला आळस म्हणून नावे ठेवणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. वस्तू टाकवत नाही ह्यामागे बहुधा तीन भावना असतात. पहिली काटकसरीची. ज्या पिढीने शिधापत्रिकेवर साखर आणि रॉकेल घेतले, तिला डबा, दोरी किंवा फडके टाकून देणे उधळपट्टीच वाटणार. दुसरी स्मृतीची, पतीचे चष्म्याचे घर, लेकीचे पहिले झबले ह्यांचे मोल बाजारात ठरत नाही. तिसरी धास्तीची, ‘टाकले आणि उद्या लागले तर?’ तिन्ही भावना आदरास पात्र आहेत. तथापि आदर म्हणजे धुळीत ठेवणे नव्हे. जे झबले कसर खाते आहे आणि ज्याची घडी पंधरा वर्षांत कोणी उलगडलेली नाही, ते जपले आहे असे म्हणता येत नाही.

न दिसणारी हानी

बंद, अंधाऱ्या आणि दमट जागेत माणसाचा वावर नसला, तरी इतरांचा असतो. कागदाला आणि कापडाला कसर लागते. लाकडाला आणि पुठ्ठ्याला वाळवी. वाळवी एका खोक्यात शिरली की तिथेच थांबत नाही. कोकणातील किंवा मलबारातील जुन्या लाकडी घरांत ती तुळयांपर्यंत पोहोचते. जुन्या विजेऱ्यांतील आणि रेडिओतील सेल गळून आसपासच्या वस्तू खराब करतात. औषधांच्या बाटल्या, कीटकनाशकांचे डबे, रंगाचे उरलेले सामान हे तर विषच. आणि ते मुलांच्या हाती लागण्यास एक शिडी पुरेशी असते.

गच्चीवर किंवा परसात ठेवलेल्या अडगळीचा धोका आणखी वेगळा आहे. फुटके माठ, टायर, डबे ह्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास वाढतो. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्महिने टिकू शकतात आणि पाणी मिळताच आठ-दहा दिवसांत त्यांतून पूर्ण वाढलेला डास बाहेर पडू शकतो. म्हणून अशी भांडी नुसती उपडी करून भागत नाही. ती घासून कोरडी करावीत किंवा घराबाहेर काढावीत.

सफाईला धर्माचाही आधार

घर रिकामे करण्याचा दिवस ठरवून देण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला लक्ष्मी मानून हळदकुंकू वाहतात, आणि त्याच रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याची जुनी रीत आहे. बंगालमधील काही घरांत कालीपूजेच्या सायंकाळी अलक्ष्मीला निरोप दिल्यावाचून लक्ष्मीची पूजा होत नाही. केरळात कर्कटक महिना लागण्याच्या आदल्या दिवशी घर झाडून-पुसून दारिद्र्याच्या देवतेला ‘बाहेर जा’ आणि श्रीभगवतीला ‘आत ये’ असे म्हणतात. तमिळनाडू, आंध्र आणि तेलंगणात संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, जुन्या निरुपयोगी वस्तू अग्नीला देतात.

ह्या सर्व प्रथांचे सांगणे एकच आहे : जुने बाहेर गेल्याशिवाय नव्याला आत जागा होत नाही. मात्र जुन्या काळी भोगीच्या अग्नीत पडत असे ते गवत, चटया आणि लाकूड. आज त्यात प्लास्टिक आणि टायर पडू लागले, म्हणून ते जाळू नयेत असे आवाहन सरकारी यंत्रणांना करावे लागते. प्रथेचा हेतू पाळावा; धूर करू नये.

वस्तू कोणाची, निर्णय कोणाचा?

सफाईच्या कामात सर्वांत मोठी चूक घडते ती केरसुणी हाती घेण्यापूर्वीच. घरातील एक उत्साही व्यक्ती, बहुधा सुटीवर आलेला मुलगा किंवा सून, सारे काम एकहाती उरकून टाकते. कल्पना करा : सासूबाई यात्रेला गेल्या आहेत. ‘परत येतील तेव्हा घर कसे मोकळे वाटेल!’ अशा सद्हेतूने माळा रिकामा होतो आणि तांब्याचा बंब मोडीत जातो. सासूबाई परततात, वर पाहतात आणि काहीच बोलत नाहीत. पण त्या बंबाखाली पहाटे जाळ घालण्यात त्यांच्या संसाराची तीस वर्षे गेली होती. बंब त्यांना बहुधा परत वापरायचा नव्हताच. कोणी विचारले असते, तर ‘देऊन टाका’ असेच त्या म्हणाल्या असत्या. दुःख बंब गेल्याचे नसते. आपल्याला कोणी विचारले नाही ह्याचे असते. असे एकदा घडले, की त्या घरातील वडीलधारी माणसे उरलेल्या वस्तू अधिकच घट्ट धरून बसतात.

म्हणून पहिला नियम असा ठेवावा, की ज्याची वस्तू त्याचा निर्णय. दिवंगत व्यक्तीच्या वस्तूंबाबत तिच्या सर्वांत जवळच्या माणसाचा निर्णय मानावा आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्यावा. लग्न होऊन गेलेल्या लेकींची पुस्तके, बक्षिसे, पत्रे ह्यांविषयी त्यांना विचारावे. त्यांनाही उत्तराची मुदत सांगावी. लहान मुलांची खेळणीसुद्धा त्यांच्या नकळत देऊन टाकू नयेत. ‘ह्यांतील कोणती पाच तू दुसऱ्या मुलाला देशील?’ असे विचारले, तर मुले मोठ्यांहून अधिक उदार होतात, असे बहुधा आढळेल.

दुसरा नियम कामाच्या वाटणीचा. शिडीवर चढण्याचे काम तरुणांनी करावे, आणि शिडी धरण्यास एक माणूस खाली असावे. स्टुलावर स्टूल ठेवून चढू नये. त्यात होणारी इजा कोणत्याही अडगळीहून महाग पडते. नाकातोंडाला फडके बांधावे. घरातील ज्येष्ठांना खुर्ची देऊन मध्यभागी बसवावे; त्यांचे काम ओझे उचलण्याचे नव्हे, ओळख पटवण्याचे. लिहिता येणाऱ्या मुलाकडे वही द्यावी. खाली उतरलेल्या वस्तूंची नोंद त्याने करावी.

तिसरा नियम वेळेचा. सबंध माळा एका रविवारी रिकामा करण्याचा आग्रह धरू नये. अशा घाईत दुपारपर्यंत सारे घर पसाऱ्याने भरते, संध्याकाळी सर्व थकतात आणि निम्मे सामान आहे तसे पुन्हा वर जाते. त्यापेक्षा एका वेळी एक पेटी किंवा एक कोपरा घ्यावा आणि दीड-दोन तासांत तो पुरा करूनच उठावे.

पाच ढीग आणि एक पेटी

जमिनीवर जुनी चादर पसरावी आणि उतरलेली प्रत्येक वस्तू पाचपैकी एका ढिगात ठेवावी : वापरात आणायची, जपून ठेवायची, दुसऱ्याला द्यायची, भंगारात घालायची, आणि जपून नष्ट करायची. ‘पुन्हा वर ठेवायची’ असा ढीग मुद्दामच केलेला नाही. वर जाणारी वस्तू ‘जपून ठेवायची’ ह्या ढिगातूनच जाईल, आणि तिच्यावर नाव, कारण व तारीख लिहिलेली असेल.

काही वस्तूंबाबत मात्र एकमत होणार नाही. त्यांसाठी एकच पेटी राखून ठेवावी. तिच्यावर पुढच्या वर्षीची ठरावीक तिथी, दसरा म्हणा किंवा पाडवा म्हणा, लिहून ठेवावी. त्या दिवशी पेटी उघडावी. वर्षभरात जिची कोणालाही आठवण झाली नाही, तिचा निर्णय मग सोपा होतो. पेटी मात्र एकच असावी. दोन झाल्या, की माळा पुन्हा भरू लागला असे समजावे.

कागदांना घाई नको

सर्वांत सावकाश तपासावयाचे ते कागद. जुन्या ट्रंकेच्या तळाशी असलेला पिवळा पडलेला कागद रद्दी आहे की घराचा आधार आहे, हे वाचल्यावाचून कळत नाही. खरेदीखत, सातबाराचा जुना उतारा, फेरफाराची नोंद, वाटणीपत्र, मृत्युपत्र, विम्याची पॉलिसी, निवृत्तिवेतनाचे कागद हे कोणत्याही परिस्थितीत रद्दीत जाऊ देऊ नयेत. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आज निरुपयोगी वाटेल. परंतु महाराष्ट्रात जातप्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी असेच जुने पुरावे लागतात. नातवंडाचा प्रवेश किंवा नोकरी त्या एका कागदावर अडू शकते.

बँकेची जुनी पासबुके सापडली, तर ‘खाते केव्हाच बुडाले असेल,’ असे मानून ती फेकू नयेत. दहा वर्षे ज्या ठेवीला कोणी हात लावलेला नाही, ती रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत भरतात. पण त्यामुळे ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क संपत नाही. अशा ठेवींचा शोध घेता यावा, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ ही संगणकीय सोय सुरू केली. कंपन्यांच्या जुन्या शेअर सर्टिफिकिटांचेही तसेच. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर सर्वसाधारणपणे थेट विकता येत नाहीत. आधी ते डीमॅट खात्यात आणावे लागतात. सात वर्षे न घेतलेला लाभांश केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातो, परंतु तो मागता येतो. काम वेळखाऊ आहे. मात्र मूळ कागद हाती असला, तर ते पुष्कळच सुकर होते.

तांदळाच्या डब्यात किंवा साडीच्या घडीत आजीने जपलेल्या नोटाही कधीकधी सापडतात. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झालेल्या पाचशे व हजारांच्या जुन्या नोटा आता केवळ आठवण म्हणूनच ठेवता येतात. आणि त्याही, २०१७ च्या कायद्यानुसार, सर्वसामान्य माणसाला दहापेक्षा अधिक बाळगता येत नाहीत.

ज्या घरांचा वारसा जुना आहे, तिथे मोडी लिपीतील कागद निघण्याचा संभव असतो. केवळ महाराष्ट्रातच नव्हे, तर तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा जेथे जेथे मराठी माणूस स्थिरावला, तेथे तेथे अशी कागदपत्रे निर्माण झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) ह्यांनी गावोगाव फिरून जुन्या घरांतील दप्तरे धुंडाळली. त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचे बावीस खंड सिद्ध झाले. पहिला खंड १८९८ साली निघाला. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले, तेही ह्याच कळकळीतून. एका माणसाला इतके सापडले, तर त्याच्या पोहोचण्यापूर्वी वाळवीने किती खाल्ले असेल, ह्याचा विचार करावा! हस्तलिखितांच्या जतनासाठी केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू केले आणि २०२५ मध्ये ‘ज्ञानभारतम्’ हा उपक्रम जाहीर झाला. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, मोलाची हस्तलिखिते आणि शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू ह्यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्या परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणून असे काही आढळल्यास भंगारवाल्याला दाखवण्याआधी जवळच्या संग्रहालयाचा किंवा इतिहास-संस्थेचा सल्ला घ्यावा.

कपडे, भांडी आणि यंत्रे

कपड्यांच्या बाबतीत आपल्या देशाने फार पूर्वीच उत्तम व्यवस्था लावली आहे. दारावर येणारी बोहारीण जुन्या लुगड्यांच्या बदल्यात भांडे देते. हे कपडे तिच्या घरी जाऊन धुतले, दुरुस्त केले जातात आणि अहमदाबादच्या दिल्ली दरवाजा भागातील किंवा दिल्लीच्या रघुबीर नगरातील जुन्या कपड्यांच्या बाजारात नव्याने विकले जातात. अगदी विरलेल्या सुती साड्यांची महाराष्ट्रात गोधडी होते, बंगालमध्ये कांथा, बिहारात सुजनी आणि कर्नाटकात कौदी. लोकरीचे जुने कपडे पानिपतच्या कारखान्यांत पिंजून पुन्हा सूत होऊन स्वस्त घोंगड्यांच्या रूपाने परततात. अर्थात कपडा माळ्यावर कुजला, तर ह्या साऱ्या साखळीला तो मुकतो. दान देताना एक पथ्य पाळावे : स्वच्छ धुतलेले, गुंड्या शाबूत असलेले कपडेच द्यावेत. जे आपल्या पाहुण्याला देण्यास आपण संकोचू, ते गरजूला देऊ नये. १९९९ पासून काम करणारी ‘गूंज’ ही संस्था जुने कपडे भीक म्हणून वाटत नाही. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बांध अशी गावाची कामे करावी आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यावे, ही तिची रीत विचारात घेण्यासारखी आहे.

भांड्यांची गोष्ट निराळी. आपल्याकडे आहेरात आणि रुखवतात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख घालण्याची पद्धत होती. मोडीत घालण्यापूर्वी ती अक्षरे एकदा वाचून वहीत उतरवून घ्यावीत. कोणत्या मावशीने कोणत्या साली काय दिले, ह्यातून कुटुंबाचा लिहून न ठेवलेला इतिहास उलगडतो. पितळेची पातेली कल्हई करून पुन्हा वापरता येतात. घंगाळात झाड लावता येते. अगदीच जुने अडकित्ते, दिवे, पानाचे डबे असल्या साध्या वस्तूंनाही मोल असते. दिनकर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनी अशाच घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यांतून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. अहमदाबादेत १९८१ साली स्थापन झालेले ‘विचार’ हे संग्रहालय तर केवळ भांड्यांचेच आहे.

बिघडलेले मिक्सर, दूरदर्शन संच, संगणक, मोबाइल ही नव्या काळाची अडगळ. त्यांत शिसे, पारा ह्यांसारखे घातक पदार्थ असतात, आणि तांब्यासारखे पुन्हा उपयोगी पडणारे धातूही. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार अशा कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून तारा जाळून तांबे काढणाऱ्याच्या हाती हे सामान न देता नोंदणीकृत संकलन केंद्राकडे सोपवावे. तत्पूर्वी संगणकातील आणि मोबाइलमधील खाजगी माहिती पुसून टाकण्यास विसरू नये.

जपून नष्ट करावयाच्या ढिगात मुदत संपलेली औषधे, जुन्या सुया, ट्यूबलाइट, सेल, पाऱ्याचे तापमापक आणि रंगाचे डबे येतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ह्यांना ‘घरगुती घातक कचरा’ असे वेगळे स्थान दिले. हे सारे वेगळ्या पिशवीत बांधून, वर तसे लिहून, नगरपालिकेच्या व्यवस्थेकडे द्यावे. तापमापक फुटला, तर पारा केरसुणीने झाडू नये. त्याने थेंब पसरतात. खिडक्या उघडाव्यात आणि जाड कागदाच्या कडेने थेंब गोळा करून ते झाकणाच्या बाटलीत ठेवावेत.

छायाचित्रांना नावे द्या

आता राहिली ती छायाचित्रे. माळ्यावरच्या सर्व वस्तूंत ह्यांचे नुकसान सर्वांत लवकर होते आणि सर्वांत उशिरा ध्यानी येते. ओल लागलेली छायाचित्रे एकमेकांस चिकटतात. चित्रफितींवर बुरशी येते. त्यांच्या प्रती वेळीच करून घ्याव्यात. पण ओलीहूनही मोठा शत्रू म्हणजे विस्मरण. पगडी घातलेले हे गृहस्थ कोण, त्यांच्या शेजारची परकरातली मुलगी कोणाची, हे सांगणारी व्यक्ती घरात एकच उरलेली असते, आणि तिचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले असते. ती गेली, की छायाचित्र शाबूत राहूनही त्यातील माणसे अनोळखी होतात. असा संग्रह पुढच्या पिढीला टाकवत नाही आणि ठेवावासाही वाटत नाही.

म्हणून सफाईचा आरंभ छायाचित्रांच्या पेटीपासून करावा, असे सुचवावेसे वाटते. दुपारच्या चहानंतर आजीला किंवा आजोबांना मध्ये बसवावे, नातवाच्या हाती मऊ पेन्सिल द्यावी आणि प्रत्येक चित्राच्या मागे नाव, गाव, अंदाजे साल हळुवार हाताने लिहून घ्यावे. शाईचे पेन वापरू नये. शाई पुढे उमटते. एकाच कार्यक्रमाची वीस चित्रे असतील, तर त्यांतील तीन-चार आजीनेच निवडावीत. ह्या कामात ज्येष्ठांना आपल्या आठवणींची किंमत आहे असे वाटते. मग इतर वस्तू सोडून देताना त्यांचा हात अडखळत नाही.

मोकळा माळा मोकळा राहावा

काम पुरे झाले, की जे वर जाईल ते पुठ्ठ्याच्या खोक्यात न ठेवता झाकणाच्या डब्यांत किंवा पेट्यांत ठेवावे. कागद व कपडे भिंतीला टेकवू नयेत. डांबराच्या गोळ्या घातल्यास त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे पाहावे आणि कपडे वापरण्यापूर्वी उन्हात ठेवावेत. वहीत पेट्यांची यादी करून ती वही खालीच, नेहमीच्या कपाटात ठेवावी. माळ्यावर काय आहे हे पाहण्यास माळ्यावर चढावे लागू नये. महत्त्वाचे कागद कोठे आहेत हे घरातील किमान दोन माणसांना ठाऊक असावे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीपूर्वी, त्या यादीवर सर्वांनी मिळून नजर टाकावी.

शेवटी हे काम जागा मोकळी करण्याचे आहे, तसेच घरातील माणसांनी एकमेकांस विचारण्याचेही आहे. ‘हे तुम्हांला हवे आहे का?’ हा साधा प्रश्न. तो विचारण्यास सवड सापडत नाही, म्हणून वस्तू वर जाते. आणि पुष्कळदा तो विचारण्याजोगे माणूस निघून गेल्यावरच ती खाली उतरते. येत्या रविवारी एकच पेटी उतरवा, आणि ती उघडण्यापूर्वी घरातील सर्वांत वडील माणसाला हाक मारा.